पाण्यातले तारे आणि हात जोडण्याची घाई

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. माझे वय ३७, यजमानांचे ४३. येत्या डिसेंबरात मुलगा साडेअकरा वर्षांचा होईल आणि मुलगी साडेआठ वर्षांची. सासरे ६६ वर्षांचे असून आमच्याजवळच असतात. त्यांनी बावीस वर्षे आषाढी वारी पायी केली. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षे वारी सुटली आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांना नणंदेकडे ठेवून आम्ही चौघे भंडारदऱ्याला तळ्याकाठी तंबूत राहायला गेलो होतो. रोजच्या धावपळीत मुलांना देवाधर्माचे काही देता येत नाही, निदान निसर्गाच्या सान्निध्यात तरी त्यांना त्या शक्तीची जाणीव व्हावी, असा माझा हेतू होता. प्रत्यक्षात रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी चालू होती, मुलगा ‘रेंज नाही’ म्हणून कुरकुरत होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर पाण्यात दगड मारत बसला. पहाटे मुलीला लघवीला उठवले तेव्हा तळे अगदी स्थिर होते. तिने विचारले, ‘आई, पाण्यात पडलेले तारे ओले होतात का?’ मी म्हटले, ‘बघ, ही देवाची किमया, हात जोड.’ तिने हात जोडले. यजमान तंबूतूनच म्हणाले, ‘देव कसला, प्रकाशाचे परावर्तन आहे ते.’ त्यावरून आमचे जे बिनसले ते घरी येईपर्यंत. मुलगी पुन्हा त्याविषयी काही बोलली नाही. यंदा पुन्हा जावे असे मनात आहे. जेवणापूर्वी सर्वांनी मिळून प्रार्थना आणि सूर्योदयाला ध्यान असे मी योजले आहे. यजमानांचा त्याला विरोध आहे. अशा घरात मुलांना हा अनुभव कसा द्यावा?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

हा अनुभव मुलांना कसा द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मला तर तुमच्याच पत्रात, मुलीच्या त्या एका प्रश्नात, तो येऊन गेलेला दिसतो. पहाटेची वेळ, डोळ्यांवर अर्धी झोप, अंगाला बोचणारी थंडी आणि पायाशी पसरलेल्या पाण्यात उतरलेले सगळे आकाश. अशा जागी उभ्या असलेल्या साडेसात वर्षांच्या मुलीला तारे भिजतील याची काळजी वाटली. अंगणात वाळत घातलेले कपडे पावसात सापडले की आपण जशा धावतो, तशी ती मनाने त्या ताऱ्यांकडे धावली. इतक्या दूरच्या वस्तूविषयी इतकी जवळीक वाटणे यालाच मी अध्यात्माची पहिली पायरी म्हणेन, आणि ती तिने कोणी न सांगता, कोणी न शिकवता चढली होती.

त्यानंतर काही क्षणांतच तिला दोन उत्तरे मिळाली. तुम्ही देवाचे नाव सांगितले, यजमानांनी परावर्तनाचे. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने खरी मानली, तरी ती फार लवकर आली, आणि ती तिच्या प्रश्नाची उत्तरे नव्हतीच, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिने तारे ओले होतात का, एवढेच विचारले होते. तिच्या शेजारी उकिडवे बसून तुम्ही ‘तुला काय वाटते?’ असे विचारले असते, किंवा काहीच न बोलता पाण्याकडे पाहत राहिला असता, तर कदाचित तिने पुढे होऊन पाण्यात बोट बुडवले असते, तारा हलला असता, फुटला असता, पुन्हा जुळला असता, आणि तिला आणखी एक प्रश्न पडला असता. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्या मनात त्या क्षणी जे दाटून आले ते खरे होते, आणि ते मुलीला द्यावे म्हणून तुम्ही घाई केलीत. ही घाई प्रेमापोटीच होते, म्हणून ती आपली आपल्याला दिसत नाही.

आपल्या रसशास्त्रात अद्भुत हा स्वतंत्र रस मानला आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, सांगितला आहे. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच भावनेची मांडणी करताना तिची दोन लक्षणे सांगितली : समोरचे काहीतरी आपल्यापेक्षा फार विशाल वाटणे, आणि ते आपल्या आधीच्या समजुतीत मावत नसल्यामुळे ती समजूतच बदलावी लागणे. यातील दुसऱ्या लक्षणाकडे आपण पालक सहसा लक्ष देत नाही. समजूत बदलायला वेळ लागतो. त्या वेळात मूल गप्प असते, एकटक पाहते, नाही तर काहीतरी विसंगत बोलते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. त्याच वेळी आपण तयार उत्तर हातात ठेवले, तर मुलाला स्वतः काही करायचे शिल्लक राहत नाही. ते आज्ञाधारकपणे हात जोडते किंवा मान डोलावते आणि आत झोपायला जाते.

यासंबंधी माझी एक आठवण सांगते. माझे लहानपण कोकणात गेले. गावाच्या वरच्या अंगाला आमची देवराई होती. माझी आजी चुलीसाठी रोज काटक्या गोळा करायला रानात जाई आणि मी तिच्या मागे असे. देवराईची हद्द दाखवणारा शेंदूर लावलेला एक धोंडा होता. तिथे पोहोचली की आजी डोक्यावरचा भारा उतरवून बाहेर ठेवी, वहाणा काढी आणि रिकाम्या हातांनी आत शिरे. आत पायाखाली वाळलेल्या फांद्यांचा खच पडलेला असे. बाहेर जी एकेक काटकी वाकून उचलीत होती, तीच बाई या मनगटाएवढ्या जाड, खणखणीत वाळलेल्या लाकडांवरून पाय उचलून पलीकडे जाई आणि एकालाही हात लावत नसे. पलीकडच्या झऱ्यावर पाणी पिऊन आम्ही परत येत असू. तिने मला कधी ‘इथे देव आहे’ असे सांगितले नाही, की ‘हात जोड’ म्हटले नाही. घरी चुलीला लाकूड हवे आहे हे मला ठाऊक होते, इथे ते फुकट पडले आहे हे दिसत होते, आणि आजी ते घेत नाही हेही दिसत होते. या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, याचा विचार मी कित्येक महिने करीत होते. आज माझी जी काही श्रद्धा आहे, तिची मुळे त्या न उचललेल्या लाकडांत आहेत.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, आणि भोवतालचे रान तुटून गेले तरी या लहान लहान तुकड्यांत जुने वृक्ष टिकून राहिल्याचे अभ्यासकांसमोर आणले. त्यामागे माझ्या आजीसारख्या असंख्य माणसांचे मोकळे हात होते. म्हणून तुमच्या प्रश्नावर माझे पहिले सांगणे असे की, मुलांना काय जाणवले पाहिजे हे आधी ठरवू नका. त्यांना पाहता येईल असे तुमचे स्वतःचे वागणे मात्र नक्की ठरवा.

आता यजमानांविषयी. पत्रात तुम्ही त्यांना विरोधक म्हणून उभे केले आहे. त्यांचे ते तंबूतून बोलणे तुम्हाला लागले, हे मी समजू शकते, आणि ते तसे बोलायला नको होते. तरी परावर्तनाच्या ज्ञानाने तळ्यातील ताऱ्यांचे नवल कमी होते, असे मला वाटत नाही. ज्या तळ्यावरून तुमचा वाद झाला, तोदेखील प्रवरेवर बांधलेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. ते काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे तुमच्या मुलीने ज्या स्थिर पाण्यात आकाश पाहिले, ते पाणी शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आणि मजुरांनी अडवून ठेवलेले आहे. देवाचे किती, निसर्गाचे किती आणि माणसाचे किती, याची वाटणी तिथे उभे राहून करता येणार नाही, आणि मुलांना त्या वाटणीची गरजही नाही.

यजमानांना जे येते तेच त्यांना या वेळी करू द्या. तुम्ही वये कळवलीत हे बरे झाले, कारण ती वाचताना मला एक गोष्ट सुचली. व्याधाच्या ताऱ्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८.६ वर्षे लागतात. याचा अर्थ येत्या डिसेंबरात तुमच्या मुलीच्या डोळ्यांत शिरणारा व्याधाचा प्रकाश ती जन्मली त्या सुमारास तिथून निघालेला असेल. एका सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या वेगाने तो येत होता. तेवढ्या काळात ती रांगली, चालली, बोलली, शाळेत गेली, आणि त्या रात्री तळ्याकाठी दोघांची गाठ पडेल. प्रश्वा या ताऱ्याचे अंतर सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षे आहे, म्हणजे त्याचा प्रकाश यायला तितकीच वर्षे लागतात; तो तुमच्या मुलाचा. ब्रह्महृदय सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर, तो यजमानांचा. रोहिणीचे अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षे, तेव्हा ती सासऱ्यांची. तुमच्या वाट्याला सुमारे ३७ प्रकाशवर्षांवरचा स्वाती येतो; त्या दिवसांत तो रात्री तीनच्या आसपास उगवतो, त्यामुळे त्याच्यासाठी तुम्हाला पहाटे उठावे लागेल. पत्रिकेतले जन्मनक्षत्र निराळे आणि हे निराळे. त्याला काही फळ नाही, दोषही नाही, आणि ते मानायला श्रद्धाळू असावे लागत नाही, की नास्तिकही असावे लागत नाही.

हे तारे शोधणे अवघड नाही. डिसेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की किंचित उजवीकडे, बऱ्यापैकी वर मृग दिसतो. त्याच्या पोटात एका ओळीत तीन तारे आहेत. व्याधाने मृगाला मारलेला बाण तो हाच, अशी आपल्याकडची कथा आहे. त्या तिघांची रेषा खाली वाढवली की ती मारणाऱ्याकडेच, म्हणजे व्याधाकडे जाते. सगळ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असल्यामुळे चूक होण्याची शक्यता नाही. तीच रेषा वरच्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी भेटते, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा लहानसा पुंजका. व्याधाच्या डावीकडे, थोडा खाली प्रश्वा. ब्रह्महृदय ईशान्येला उंचावर. यजमानांनी हे घरी गच्चीवरून दोन-तीन संध्याकाळी पाहून ठेवावे. ठाण्याच्या उजेडातही हे तारे दिसतात. मुलांना दाखवताना त्यांनी फक्त तारा आणि वर्षे सांगावीत, आणि मग तुम्ही दोघांनीही पाच मिनिटे काही बोलू नये, एवढा करार मात्र निघण्यापूर्वी करून घ्या.

जागा निवडताना जलाशयाच्या काठची गजबजलेली तंबूंची रांग यंदा टाळा. गेल्या वर्षी जिथे उतरला होता तिथे पुन्हा जाऊ नका. रतनवाडी किंवा साम्रदच्या बाजूला गावातल्या कुटुंबांकडे घरगुती सोय होऊ शकते. फोन करताना रात्री गाणी लावतात का, विजेचा झोत लावतात का, हे स्पष्ट विचारा आणि ‘नाही’ असे उत्तर मिळाले तरच पैसे द्या. पंचांगात अमावास्या पाहून तिच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. १३ आणि १४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. योग जुळला तर उत्तमच. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ती सगळी तपश्चर्या वाया जाते, म्हणून विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर रबराने बांधून न्या. त्या प्रकाशात चालता येते आणि डोळेही दिपत नाहीत. शेकोटीचा मोह मी समजू शकते, पण ती जेवणापुरती करा आणि नंतर पाणी टाकून पूर्ण विझवा. चांगल्या अंधारात एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि ते पाहून मुले आपोआप हळू आवाजात बोलू लागतात. त्यांना ‘शांत बसा’ म्हणावे लागत नाही.

मुलाविषयी तुम्ही थोडे अन्यायाने लिहिले आहे, असे मला वाटले. ‘तासभर पाण्यात दगड मारत बसला’ हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. दहा-अकरा वर्षांचा मुलगा एखाद्या कामात तासभर रमतो, हीच मुळात आजकाल दुर्मीळ गोष्ट आहे. तो नुसते दगड मारत होता की चपटे दगड निवडून पाण्यावर भाकऱ्या काढत होता, हे तुम्ही पाहिले का? त्यासाठी योग्य चपटा दगड शोधावा लागतो, तो हातात फिरवून त्याचे वजन जोखावे लागते, पाण्याला साधारण वीस अंशांचा कोन साधावा लागतो आणि मनगटाने गिरकी द्यावी लागते. तासाभरात त्याचे हात, डोळे आणि तळे यांची जी ओळख झाली, ती कोणत्याही ध्यानाने झाली नसती. या वयात मुले आपल्याला काही वाटले तर ते दाखवायला लाजतात, आणि आई आपल्या चेहऱ्यावर भक्तिभाव शोधते आहे असे कळले की चेहरा आणखी कोरा करतात. त्याला जबाबदारीचे एखादे काम द्या. उल्का मोजण्याची वही त्याच्याकडे सोपवा : वेळ, दिशा, मंद की तेजस्वी. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीमुळे होतात, पण मिथुनेतल्या उल्का १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या वाटेवरून येतात, ही गोष्ट त्याला वडिलांनी सांगावी. रेंज नसल्याची कुरकुर पहिले तीन-चार तास होईल. ती होऊ द्या, तिच्यावर काही उपाय करू नका.

दिवसा करण्याजोगी एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या हातची आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांना मसाल्याच्या डब्यातले दगडफूल दाखवा. एक तुकडा हातावर ठेवा : चुरगाळलेल्या कागदासारखा, एका अंगाने राखाडी, दुसऱ्या अंगाने काळा, वजन जवळपास नाहीच. नुसते हुंगले तर फारसा वास येत नाही. थोड्या तेलात परतले की स्वयंपाकघरात गोड्या मसाल्याचा जो खोल, मातकट वास पसरतो तो यायला लागतो. हे झाडाचे फूल नव्हे आणि दगडाचेही नव्हे. एक बुरशी आणि एक शैवाल असे दोन अगदी वेगळे जीव एकमेकांना धरून राहतात, त्यांचा हा एक देह. शैवाल उन्हातून अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. मग रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाकडे जाताना मुलांना झाडांची खोडे आणि काळे कातळ जवळून पाहायला सांगा. राखाडी, हिरवट, कुठे पिवळसर असे चट्टे त्यांना जागोजागी दिसतील. दगडफुलाचे हे सारे भाऊबंद. त्यांतले कित्येक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, त्यामुळे तळहाताएवढा चट्टा मुलांपेक्षा, कदाचित तुमच्यापेक्षाही वयाने मोठा असू शकतो. ज्या कातळावर तो बसला आहे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्हारसाचा. त्यावर बोट फिरवू द्या, पण खरवडू देऊ नका. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि तसा तो नसता तरी माझे सांगणे हेच राहिले असते. मुलीने ‘का घ्यायचे नाही?’ असे विचारले तर नियम सांगण्यापूर्वी स्वतःचे हात रिकामे ठेवा.

प्रार्थनेच्या बेताशी मी सहमत नाही, हे स्पष्ट लिहिते. सर्वांनी मिळून करायची प्रार्थना यजमानांच्या मनाविरुद्ध झाली तर जेवणाच्या पानावर ताण येईल आणि मुले देवाऐवजी आईबाबांच्या चेहऱ्यांकडे पाहतील. सूर्योदयाच्या ध्यानाचेही तसेच. पहाटेपर्यंत उल्का मोजलेल्या मुलाला सहाला उठवून डोळे मिटायला लावणे मला योग्य वाटत नाही. पण तुमची श्रद्धा तुम्ही ठाण्यात कुलूप लावून ठेवावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. घरी तुम्ही संध्याकाळी दिवा लावीत असाल तर तिथेही लावा. पणती, वात आणि तेलाची लहान बाटली पिशवीत सहज मावते. तंबूच्या दाराशी दिवा लावा, डोळे मिटा, तुमचे जे काही म्हणायचे ते मनात म्हणा. कोणाला बोलावू नका आणि कोणापासून लपवूही नका. मुलीला वाटले तर ती येऊन शेजारी बसेल. नाही बसली तरी आई रोज हे करते आणि इथे आल्यावरही विसरली नाही, हे तिने पाहिलेले असेल. यजमानांनीही त्या वेळी टोमणा मारू नये. पाच मिनिटांच्या शांततेच्या करारात हेही घाला. त्यांच्या ताऱ्यांच्या वेळी तुम्ही देवाचे नाव मध्ये आणायचे नाही, तुमच्या दिव्याच्या वेळी त्यांनी परावर्तन मध्ये आणायचे नाही.

आता पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली, तिच्याकडे येते. सासऱ्यांना तुम्ही नणंदेकडे ठेवून गेलात. त्यांची गैरसोय होऊ नये हाच हेतू असणार, याबद्दल मला शंका नाही. पण ताई, तुमच्या घरात उघड्यावर रात्री काढण्याचा सर्वांत मोठा अनुभव त्यांचा आहे. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, दिंडीच्या पालात किंवा राहुटीत अंग टाकायचे, खाली ओली जमीन, वर आषाढातले आभाळ, पहाटे अंधारात थंड पाण्याने अंघोळ आणि पुन्हा चालणे. असे त्यांनी बावीस वर्षे केले आहे. तुम्ही दोन रात्रींसाठी जे मुलांना देऊ पाहता, ते या माणसाने शेकडो रात्री घेतले आहे, आणि गेली दोन वर्षे ते त्यांच्यापासून सुटले आहे. त्यांच्या मनाची काय अवस्था असेल, याचा विचार करा. तळ्याकाठच्या त्या सहलीत तुम्हाला ज्याची उणीव भासली, ते कदाचित नणंदेच्या दिवाणखान्यात बसलेले होते.

त्यांना घेऊन जा. त्यांना मुलांसमोर प्रवचन करायला सांगू नका. वारीतल्या गोष्टीही मागू नका, त्या आपणहून निघतील. दिवे घाटातला पाऊस, कुठल्या गावात कोणी भाकरी दिली, पालाची दोरी रात्री सुटली तेव्हा काय झाले, हे सारे तंबूचा खुंटा ठोकताना माणसाला आठवतेच. तंबू उभारण्याचे काम तुमच्या मुलाकडे द्या आणि आजोबांना त्याच्याजवळ बसवा. दोर कोणत्या बाजूने ताणायचा, जमिनीचा उतार कुठे आहे, सकाळी दव कुठून गळेल, हे ते त्याला सांगतील, आणि तो ऐकेलही, कारण ही उपयोगाची विद्या आहे. संध्याकाळी ते आपला रोजचा नेम करतीलच. यजमान वडिलांना त्यापासून कधी अडवत नसतील, असा माझा अंदाज आहे. तेव्हा तुमच्या दिव्यालाही आपोआप सोबत मिळेल.

गुडघ्यांची काळजी आधीपासून घ्यावी लागेल. पाठ टेकता येईल अशी, जमिनीपासून पुरेशी उंच घडीची खुर्ची न्या. तळ्याकाठी भाड्याने मिळणाऱ्या बुटक्या खुर्च्यांवरून त्यांना उठता येणार नाही. लहान तंबूत वाकून शिरणेही त्यांना जड जाईल, म्हणून ज्या घरी उतराल तिथे पडवीत खाट मिळेल का, हे निघण्यापूर्वी विचारा, आणि तुमचे तंबू त्याच अंगणात लावा. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी विसरू नका. त्या भागात डिसेंबरात थंडी चांगलीच पडते. शौचालय किती अंतरावर आहे आणि वाटेत पायऱ्या किती आहेत, हेही फोनवरच कळून घ्या.

आणि पहाटे मुलीला उठवण्याचे काम या वेळी त्यांच्याकडे सोपवा. बावीस वर्षे दिंडीबरोबर चाललेल्या माणसाला पहाटे आपोआप जाग येत असणार. नातीला शालीत गुंडाळून ते पाण्यापर्यंत नेतील; ती काय विचारील आणि ते काय सांगतील, ते त्या दोघांवर सोडा. तुम्ही तंबूतच राहा. पूर्वेला स्वाती वर आलेला असेल, तेव्हा तो दिसला की मला हाक मारा, एवढेच त्यांना रात्री झोपण्यापूर्वी सांगून ठेवा.